अंगठा ५०, ४२ की ५६? मोदकांच्या ऑर्डरीआधी पडलेला प्रश्न

पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, मी ६१ वर्षांची, कासारवडवलीला राहते, शाळेत क्लार्क होते, आता रिटायर. वर्षभर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय, एक्स-रेत झीज आहे म्हणाले. शुगर आहे, गोळी चालू आहे. घराजवळच्या फिजिओने छोटी पट्टी लावून अंगठा उघडण्याचा अँगल मोजला, ५० डिग्री आला. सहा आठवडे अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट लावला, व्यायाम केले, मला तर बरं वाटतंय, कुकरचं झाकण परत माझं मी लावते. पण कोणी सांगितलं म्हणून नौपाड्यात दुसरीकडे दाखवलं, संध्याकाळची बस पकडून उभ्याने गेले, तर तिथे ४२ आला. पहिल्या कागदावर 'एमपी +१५' आहे आणि दुसऱ्यावर 'एमपी −१५', तो मायनस बघून माझी झोपच उडाली. मुलाने मोबाईलवर ॲप टाकलं, त्यात ५६! खरा कोणता? हात बिघडतोय का? बिल्डिंगमधल्या काकू म्हणतात रोज अंगठा ओढून मोकळा कर, करू का? गणपतीत मी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, यंदा १५१ सांगितलेत, घेऊ का नको?"

ताई, आज रात्री नीट झोपा. त्या दोन कागदांवरून तुमचा अंगठा बिघडला असं काही म्हणता येत नाही. सुधारला असंही म्हणता येत नाही म्हणा, पण ते तुम्ही स्वतःच पत्रात लिहून टाकलंय, कुकरचं झाकण. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला सगळ्यात भरवशाचा आकडा तोच, जरी तो आकडा नसला तरी.

मी २८ वर्षं हातांच्याच पेशंटबरोबर काढली, ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, त्यामुळे हा पट्टीचा विषय निघाला की मी जरा लांबण लावते, आधीच सांगून ठेवते.

ती छोटी पट्टी म्हणजे गोनिओमीटर. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन दांड्या लावल्या की झालं. बोटाच्या सांध्यावर ती पाठीमागून नीट बसते, कारण बोटाचं पेर एकाच दिशेने मिटतं-उघडतं, दाराच्या बिजागरीसारखं. तिथेसुद्धा एकाच माणसाने, एकाच पट्टीने, दहा मिनिटांच्या अंतराने मोजलं तर ५ डिग्री इकडेतिकडे होतात, म्हणून आमच्यात ५ च्या आतल्या फरकाला कोणी फरक म्हणतच नाही. माणूस बदलला की ही सूट अजून वाढते. आणि अंगठा तर त्याहून अवघड, कारण त्याचा मुळाचा सांधा बिजागरी नाहीच. दोन खोगिरं एकमेकांवर आडवी-उभी ठेवली तर जसं बसेल तसा तो सांधा आहे, म्हणून अंगठा पुढे येतो, बाजूला जातो, गोल फिरतो, करंगळीपर्यंत पोचतो. देवाने छानच केलंय, पण मोजणाऱ्याची पंचाईत, कारण पट्टीच्या दांड्या ज्या हाडांवर धरायच्या ती तिथे मांसाखाली दडलेली असतात आणि प्रत्येकजण थोडी वेगळीकडे धरतो. त्यामुळे काहीजण डिग्रीच्या भानगडीत न पडता अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मुळाच्या हाडांच्या टोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये घेतात, मलाही तेच जास्त पटतं.

आता त्यात भर बघा. "अंगठा उघडा" म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. टेबलावर तळहात सपाट ठेवून अंगठा बाजूला नेला, इंग्रजी एल करतो तसा, ती एक दिशा. आणि हात करंगळीच्या कडेवर उभा ठेवून अंगठा तळहाताच्या समोर आणला, पेला धरायला जातो तसा, ती दुसरी. दोन्हीला बोलताना लोक 'अँगल' म्हणतात आणि आकडे वेगळे येतात. तुमच्या कागदांवर कोणती दिशा ते लिहिलंय का बघा, बहुतेक दोघांपैकी एकाने तरी लिहिलं नसेल. शिवाय तुम्ही स्वतः अंगठा उघडलात की त्यांनी धरून उघडला? धरून उघडला की नेहमी थोडा जास्त जातो. आम्ही दोन्ही वेगवेगळे लिहितो, कारण त्यांच्यातल्या अंतरातूनच कळतं की सांधा स्वतः आखडलाय का सांधा ठीक आहे पण स्नायू किंवा दोरी, म्हणजे टेंडन, काम करत नाहीये, का नुसतं दुखतंय म्हणून माणूस हात आवरता घेतोय.

आणि संध्याकाळ. तुम्ही घोडबंदरवरून बसने, उभ्याने, दांडा धरून नौपाड्यापर्यंत गेलात, त्या रस्त्याला किती वेळ लागतो ते ठाण्यात कोणाला सांगायला नको. एवढा वेळ त्याच अंगठ्याने दांडा आवळून धरल्यावर लगेच खुर्चीत बसून मोजलं तर तुमचा काय, माझाही ४२ येईल. पहिलं माप कधी घेतलं होतं, सकाळी? शेक दिल्यावर? ते विचारा.

शेकावरून आठवलं, हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगते. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका हॉस्पिटलच्या ओपीडीत एक बाई यायच्या, हातांची बोटं आखडलेली. पहिल्या दिवशी सकाळी आल्या आल्या मोजलं. तीन आठवड्यांनी परत मोजलं, १२ डिग्री जास्त, मी खूश, कागदावर झोकात 'सुधारणा' लिहिलं. आमच्या सीनियर मॅडमनी कागद बघितला, बाईंचे हात बघितले, लालसर, तेलकट चकाकणारे, आणि एवढंच विचारलं, "मेणातून हात काढून किती वेळ झाला?" झालं. वॅक्स बाथमधून उठवून थेट मोजायला बसवलं होतं मी. गरम मेणाने हात अर्धा-पाऊण तास मोकळा वाटतो, तो मोकळेपणा मी माझ्या उपचाराच्या खात्यावर जमा केला. आणि त्या बाई बिचाऱ्या सांगत होत्या की ब्लाउजचे हुक अजून सूनच लावते, ते मी ऐकलंच नव्हतं, मी पट्टीकडे बघत होते.

एक छोटी गंमत करून बघा, आत्ता वाचता वाचता. डावा हात घ्या, मनगट खाली पूर्ण वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट मिटा. मिटत नाही ना? आता मनगट थोडं वर उचलून मिटा. सांधे तेच, वय तेच, दोन सेकंदांत मूठ बदलली, कारण बोटांच्या दोऱ्या मनगटावरून जातात. म्हणून मोजताना मनगट कसं ठेवलं होतं याने पण आकडा हलतो.

आता तो मायनस. सांधा सरळ रेषेच्या पलीकडे उलटा वाकत असेल तर काही ठिकाणी त्याला प्लस लिहितात आणि पूर्ण सरळ होत नसेल तर मायनस, पण काही ठिकाणी नेमकं उलटं लिहायची सवय असते. म्हणजे तुमचं +१५ आणि −१५ ही एकाच अंगठ्याची एकच गोष्ट असू शकते, दोन हातांनी लिहिलेली. एमपी म्हणजे अंगठ्याचा मधला सांधा. मुळाचा सांधा मनगटाजवळ, मग हा मधला, मग नखाजवळचा, असे तीन. हे मात्र तुम्ही घरी बघू शकता आणि बघाच. तर्जनी आणि अंगठ्याने एखादं वर्तमानपत्र चिमटीत घट्ट धरा आणि मुलाला सांगा कडेने बघ. मधला सांधा बाहेरच्या बाजूला गोल राहतोय, का आत खचून अंगठा इंग्रजी झेडसारखा दिसतोय? मुळाचा सांधा झिजून ढिला झाला की तो एका बाजूला सरकतो, अंगठ्याचं मूळ तळहाताकडे ओढलं जातं, मग उघडायचं काम मधल्या सांध्यावर पडतं आणि तो उलटा वाकायला लागतो. तसं दिसलं तर पुढच्या भेटीत हेच पहिलं दाखवा, स्प्लिंट बदलावा लागेल, मधला सांधा पण किंचित वाकवून धरणारा द्यावा लागेल.

इथेच तुमच्या काकूंचं उत्तर आहे. नका ओढू. गुडघ्याचं किंवा खांद्याचं जे गणित आहे, जितकी डिग्री जास्त तितकं बरं, ते अंगठ्याच्या मुळाला लागू नाही. बिजागरी ढिली झाली की दार जास्तच उघडतं, पण कडी बसत नाही. झिजलेल्या मुळाच्या सांध्याला आधार हवा असतो, मोकळीक त्याच्याकडे बऱ्याचदा नको इतकी असते. रोज दुसऱ्या हाताने धरून ओढलात तर महिन्याभरात पट्टीवर ५५ सुद्धा दिसेल आणि चिमटीत लसणाची पाकळी धरवणार नाही. त्यापेक्षा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला जो मऊ मांसल भाग आहे तो दुसऱ्या हाताने हळू हळू दाबून सैल करा, तिथला स्नायू आवळून बसतो आणि तोच मूळ आत ओढतो. आणि तर्जनी अंगठ्याच्या दिशेला बाजूला नेऊन रबरबँडच्या विरुद्ध ताकद लावायचा व्यायाम तुम्हाला दिला असेल, नसेल दिला तर मागून घ्या, तो स्नायू अंगठ्याचं मूळ जागेवर बसवायला मदत करतो.

ॲपबद्दल. मुलाला रागावू नका, कौतुकानेच केलंय त्याने. फोनमध्ये तिरकेपणा ओळखणारा सेन्सर असतो, गुडघा, कोपर अशा लांब हाडांवर फोन चिकटवून धरला तर तो बऱ्यापैकी आकडा देतो, पण अंगठ्यापेक्षा फोन मोठा, तो टेकवायचा कुठे? फोटोवरून मोजणारं ॲप असेल तर कॅमेरा जरा कलला की कोन बदलला, त्यातून अंगठा कागदासारखा एका सपाटीत हलतच नाही, तिरका पुढे येतो, त्याचा फोटोत नुसता सावलीसारखा कोन पडतो. मोठ्या लॅबमध्ये हातावर चमकणारे ठिपके चिकटवून चारी बाजूंनी कॅमेरे लावतात, सेन्सरचे हातमोजे घालतात, आणि तिथेही कातडी हाडावरून सरकते म्हणून हिशोब करत बसावं लागतं. तर ५६ सोडून द्या.

मग मोजायचंच नाही का? मोजा की. पण असं माप घ्या ज्यात पट्टी लागत नाही. कपांजी नावाच्या फ्रेंच सर्जननी १९८६ मध्ये एक साधी पद्धत मांडली, तुम्हाला शिकायला दोन मिनिटं लागतील कारण आपण पेरांवर अंगठा ठेवून जप मोजतोच, तसंच आहे. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या कडेला टेकवायचं, मुळाच्या पेराच्या बाजूला टेकलं तर ०, मधल्या पेराच्या बाजूला १, टोकाच्या पेराच्या बाजूला २. मग टोकाला टोक, तर्जनी ३, मधलं बोट ४, अनामिका ५, करंगळी ६. मग करंगळीवरूनच खाली उतरायचं, वरची रेघ ७, मधली रेघ ८, मुळाची रेघ ९, आणि तिच्याखाली तळहातावर जी आडवी रेषा आहे, हात बघणारे जिला हृदयरेषा म्हणतात, तिथे टेकलं की १०. फक्त लबाडी करायची नाही, अंगठा तळहाताला घासत सरपटत न्यायचा नाही, वरून कमान करून न्यायचा, मध्ये लिंबू ठेवलंय असं समजून. दोन्ही हातांनी करा, डावा तुमचा तुलनेला आहेच.

यातही मेख आहे. मुळाचा सांधा अडला तरी वरचे दोन सांधे जास्त वाकून वेळ मारून नेतात, त्यामुळे ९-१० येऊनही दुखणं असू शकतं. म्हणून नुसता हा आकडा नको, शेजारी अजून दोन गोष्टी लिहा. एक, सकाळी उठल्यावर हात किती मिनिटं आखडलेला असतो, स्वयंपाकघरातल्या घड्याळात बघून, अंदाजे नाही. दुसरी, एक ठरलेलं काम केल्यावर दुखणं ० ते १० मध्ये किती. काम एकच ठेवा, समजा ८ पोळ्या, आज पोळ्या उद्या नारळ खवणणं असं नको. दर दुसऱ्या रविवारी, चहा झाल्यावर, शेक घ्यायच्या आधी, स्प्लिंट काढून दहा मिनिटांनी. रोज नका मोजू, वजनकाट्यावर रोज चढणाऱ्या बायकांचं जे होतं तेच होईल. आणि त्यासाठी वेगळी डायरी नको, कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात लिहा, "८, १५ मि., ४", म्हणजे कपांजीचा आकडा, आखडलेपणा, दुखणं, एवढंच. तीन महिन्यांची पानं घेऊन गेलात तर कोणताही शहाणा डॉक्टर त्या कागदांआधी ही पानं बघेल.

ताकद मोजायची असेल तर थेरपिस्टकडे डायनामोमीटर असतो, मूठ आवळायची, किलोमध्ये आकडा येतो, आणि चिमटीसाठी छोटा वेगळा पिंच गेज. त्यालाही नियम आहेत, बसून, कोपर काटकोनात, तीन वेळा करून सरासरी, उभ्याने जोर लावला तर आकडा वेगळा. जुन्या काळी तर पाऱ्याच्या बीपी मशीनचा पट्टा गुंडाळून, २० पर्यंत फुगवून, पेशंटला दाबायला सांगायचे आणि पारा किती चढतो ते लिहायचे, संधिवाताच्या ज्या हातांना लोखंडी दांडा दाबवत नाही त्यांच्यासाठी ते बरंच होतं. घरच्या डिजिटल मशीनवर हा प्रयोग करू नका, एरर येईल नुसता.

चिमटीवरून मोदकांकडे येते, खरा प्रश्न तोच आहे ना. १९७७ साली दोन संशोधकांनी अंगठ्यातल्या जोराचं गणित मांडलं, त्यात असं निघालं की टोकाशी १ किलोची चिमटी घेतली तर मुळाच्या सांध्यावर साधारण १२ किलोचा दाब पडतो. म्हणून डबीचं झाकण, किल्ली, कपड्यांचे चिमटे असली क्षुल्लक वाटणारी कामं मुळाशी एवढी बोंब मारतात. मोदकाची पाकळी काढायला जोर नगण्य लागतो, तिची मला भीती नाही. भीती मळण्याची. गरम उकड अंगठ्याच्या मुळाने रगडायची, त्यात हात भाजतोय म्हणून घाईने, ते सगळ्यात वाईट. उकड ताटात पेल्याच्या नाहीतर वाटीच्या बुडाने मळा, आपल्या आज्या करायच्याच तसं, आणि शेवटचा हात सुनेला किंवा मुलाला मारू दे, ॲप टाकता येतं तर उकडही मळता येईल. नारळ जांभळी नाक्याला फोडून घेता तसं खवलेलं खोबरं विकत मिळतं ते घ्या, तिथे अभिमान मधे आणू नका. वळायला बसलात की वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं, दुखायला लागल्यावर उठणं उशीर झालेला असतो. आणि पारी धरणारा डावा हात आहे, त्याच्या अंगठ्याकडे पण लक्ष ठेवा, उजव्याला वाचवताना डावा जातो हे मी इतक्यांदा बघितलंय.

१५१ मात्र नको. म्हणजे तुमच्या हाताने १५१ नको. ५१ हातवळणीचे, बाकी साच्यातले, आणि ऑर्डर देणाऱ्यांना आधीच सांगा. साच्यातला मोदक म्हणजे मोदकच नाही असं म्हणणारे लोक असतात, माझ्या सासरी पण आहेत, त्यांना पुढच्या वर्षी मळायला बोलवा.

बाकी कामांत, लाटणं अंगठ्याने न धरता तळव्यांनी फिरवा, कपडे नळाला अडकवून पिळा, पिशवी बोटांत न लटकवता कोपराच्या वळणात घ्या, आणि फोनवर एका अंगठ्याने टाइप करणं बंद, बोलून टाइप होतं आता मराठीत पण. स्प्लिंट सहा आठवड्यांत सोडू नका, मुळाच्या झिजेला किमान तीन महिने तरी सलग वापरावा लागतो, त्याचा फायदा हळू दिसतो. दुखलं तर आधी लावायचं जेल, डायक्लोफेनॅकचं, गोळी स्वतःच्या मनाने नको, शुगरवाल्यांना किडनी सांभाळायची असते. कोणी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर शुगरचं आवर्जून सांगा, काही दिवस ती वर जाते.

शुगर म्हटलीत म्हणून एक अजून. देवासमोर जोडता तसे हात जोडा, बोटं बोटांना, तळवे तळव्यांना. बोटांमध्ये फट राहत असेल, तळवे पूर्ण टेकत नसतील आणि बोटं न दुखताच आखडलेली असतील तर ते झिजेपेक्षा वेगळं असू शकतं, खूप वर्षांच्या मधुमेहात हाताची कातडी आणि आतल्या दोऱ्या जाड होऊन असं होतं, तेव्हा शुगरच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि हे नीट वाचा. झिजेचा आखडलेपणा सकाळी सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तुमच्या कालनिर्णयच्या चौकोनात रोज ६० मिनिटं, ७० मिनिटं यायला लागली, दोन्ही हातांची मुठीच्या टेकड्यांजवळची पेरं सुजून गरम लागायला लागली, अंगठी निघेना झाली, तर त्याला झीज म्हणून घरी बसू नका, तो आमवात, रुमेटॉइड असू शकतो. तिथे फिजिओ नंतर, ऱ्हुमॅटोलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर, आधी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी ह्या रक्ताच्या टेस्ट लगेच, कारण त्याची औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. नखाजवळच्या पेरांवर नुसत्या कडक गाठी आल्यात, बाकी काही नाही, तर त्या बहुतेक झिजेच्याच, अठराव्या शतकातल्या हेबरडेन नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या नावाने ओळखल्या जातात, दिसायला वाईट, पण त्यांच्यामुळे झोप घालवू नका. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबतेय का ते बघावं लागेल, तो वेगळा विषय.

आता काय कराल. दोन्हीपैकी एक जागा पकडा. मला विचाराल तर घराजवळची, कारण बसचा दांडा धरावा लागत नाही, आणि तिथे ज्यांनी पहिल्यांदा मोजलं त्याच माणसाकडे, साधारण त्याच वेळेला, सकाळी असेल तर सकाळीच. दोन्ही कागद पुढे ठेवा आणि तीन गोष्टी विचारा, कोणत्या दिशेला मोजलं, मी उघडला का तुम्ही, आणि तुमच्याकडे मायनसचा अर्थ काय. विचारायला संकोच करू नका, चांगल्या थेरपिस्टला हे प्रश्न आवडतात, आणि ज्याला राग येईल त्याच्याकडे जाऊ नका. त्यांनी परत मोजून ४७ सांगितला काय किंवा ५२ सांगितला काय, तुम्ही कुकरचं झाकण आठवा.

आणि त्या ॲपचं सबस्क्रिप्शन मुलाला बंद करायला सांगा, नाहीतर पहिला महिना फुकट म्हणतात आणि मग दर महिन्याला पैसे कापत राहतात.